थुनारमध्ये फाइल न उघडता आत बघायची सोय: सांगलीच्या एका छापखान्यातून

थुनार हा लिनक्सवरच्या एक्सएफसीई डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर, म्हणजे फोल्डर आणि फाइली बघायचा प्रोग्रॅम. हलका आहे, पटकन उघडतो आणि जुन्या मशीनवर दिवसभर कुरकुर न करता चालतो. कमी एकच आहे, पण आमच्या धंद्यात ती मोठी आहे. फाइलवर जाऊन स्पेसबार दाबला आणि आतलं काम डोळ्यांसमोर आलं, असं त्यात होत नाही. मॅकवाल्यांना ही सोय ऑक्टोबर २००७ मध्ये मॅकच्या लेपर्ड आवृत्तीबरोबर मिळाली. थुनार एक्सएफसीई ४.४ बरोबर त्याच वर्षी जानेवारीत आला, पण स्पेसबारचा प्रिव्ह्यू काही त्यात आला नाही. तेव्हा ती सोय आपणच स्क्रिप्ट लिहून बसवायची. मी ती बसवली आहे, रोज वापरते आहे, आणि ज्यांच्याकडे फाइलींचा ढीग आणि जुनं मशीन आहे त्यांना ती जरूर बसवा असं सांगते. फक्त ती कुठे बसवायची हे महत्त्वाचं आहे. बहुतेक जण चुकीच्या जागी हात घालतात असं मला दिसलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सांगलीत आमचा ऑफसेटचा छोटा छापखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला. डीटीपीची बाजू मी बघते. डिझाइन विंडोजच्या मशीनवर कोरलड्रॉमध्ये होतं. त्याच्या शेजारी चार जीबी रॅमचं एक जुनं मशीन आहे, त्यावर झुबुंटू, म्हणजे एक्सएफसीई असलेलं उबुंटू लिनक्स, टाकलेलं आहे. आलेल्या-गेलेल्या सगळ्या फाइलींचा साठा या मशीनवर. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह इथेच लागतो, व्हॉट्सॲपवरचं काम इथेच उतरतं, आणि विंडोजचं मशीन नेटवर्कवरून इथल्याच फाइली उघडतं.

आमचं निम्मं काम म्हणजे जुनं काम शोधणं. गणपतीच्या आधी मंडळाचा कार्यकर्ता येतो. “वहिनी, मागच्या साली केलेलं पावतीपुस्तक तसंच काढा, फक्त साल आणि अध्यक्षाचं नाव बदला.” फोल्डर उघडावा तर त्यात ‘पावती’, ‘पावती नवी’, ‘पावती फायनल’, ‘पावती फायनल (१)’, आणि ज्याला नावच दिलेलं नाही अशा दोन-तीन. एकेक कोरलमध्ये उघडून बघायची तर तो माणूस काउंटरवर ताटकळतो आणि त्याच्या मागे बिलबुकवाला उभा राहतो. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा हंगाम सुरू झाला की हे दर अर्ध्या तासाला. म्हणून मला प्रिव्ह्यू हवा होता.

आधी थुनार जसा मिळतो तसा बघू. फोटो, पीडीएफ, व्हिडिओ यांची छोटी चित्रं तो दाखवतो, पण ती स्वतः बनवत नाही. ते काम टंबलर नावाच्या वेगळ्या सेवेचं. थुनार तिला डी-बसवरून, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांना निरोप द्यायच्या वाटेवरून, कळवतो की या फाइलीचं थंबनेल (छोटं चित्र) पाहिजे, टंबलर बनवून ठेवतो, थुनार ते उचलतो. डिसेंबर २०२२ मध्ये एक्सएफसीई ४.१८ आलं, त्यातल्या थुनारमध्ये बाजूच्या पट्टीत मोठं चित्र दाखवायची सोयही आली. व्ह्यू मेनूतून ती चालू होते, आणि पट्टीच्या आतच दाखवायचं की वेगळ्या उभ्या पट्टीत, हे प्रेफरन्सेसमध्ये ठरवता येतं. मी वेगळी पट्टी ठेवली आहे, उजव्या हाताला. बरेच जण नाव ‘इमेज प्रिव्ह्यू’ बघून समजतात की हे फक्त फोटोंसाठी आहे, आणि बंद करून टाकतात. तसं नाही. ही पट्टी टंबलरकडून मोठ्या आकाराचं थंबनेल मागते. म्हणजे ज्या ज्या प्रकारच्या फाइलीचं थंबनेल बनू शकतं, ती ती फाइल या पट्टीत दिसते.

सगळी किल्ली इथे आहे. थुनारला हात लावायचाच नाही. टंबलरला नवीन प्रकारची फाइल ओळखायला शिकवायचं, की आयकॉनमध्येही चित्र येतं आणि उजवीकडच्या पट्टीतही. शिवाय थंबनेल कुठे ठेवायचं, कोणत्या आकाराचं ठेवायचं, याचा फ्रीडेस्कटॉपचा, म्हणजे लिनक्स डेस्कटॉपसाठी सामाईक नियम ठरवणाऱ्या प्रकल्पाचा, एक ठरलेला नियम आहे. होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘कॅश’मध्ये ‘थंबनेल्स’ नावाचा फोल्डर, आणि त्यात १२८, २५६, ५१२ आणि १०२४ पिक्सेलचे वेगवेगळे कप्पे. हा नियम दुसरे फाइल मॅनेजरही पाळतात, त्यामुळे एकाने बनवलेलं चित्र दुसऱ्याला कामी येतं.

शिकवायची रीत सोपी आहे. होम फोल्डरमधल्या ‘लोकल/शेअर’मध्ये ‘थंबनेलर्स’ नावाचा फोल्डर करायचा. त्यात साधी मजकुराची एक फाइल ठेवायची, जिच्या नावाचा शेवट ‘डॉट थंबनेलर’ असा होतो. या फाइलीला आणि तिच्यामागच्या स्क्रिप्टला मिळून मी थंबनेलर म्हणते. आत तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या प्रकारच्या फाइलीसाठी, कोणती आज्ञा चालवायची, आणि ती आज्ञा चालवण्याआधी कोणता प्रोग्रॅम मशीनवर आहे याची खात्री करायची. आज्ञेत मूळ फाइल, तयार होणारं चित्र आणि आकार यांच्या जागी टक्क्याची खूण घातलेली अक्षरं येतात, ती टंबलर भरतो. फाइलीचा प्रकार अंदाजाने लिहू नका. थुनारमध्ये फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि मशीन तिला काय समजतंय ते बघून तेच लिहा. इथे एक अक्षर चुकलं तरी काहीच होत नाही आणि चुकीचा संदेशही कुठे येत नाही.

माझी पहिली स्क्रिप्ट कोरलच्या फाइलींसाठी होती, आणि आजही सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. कोरलड्रॉ एक्स-४ म्हणजे २००८ पासूनची सीडीआर फाइल ही खरं तर झिप असते. छापून बांधलेल्या गठ्ठ्यावर आपण एक नमुना चिकटवतो ना, तसं त्या झिपच्या आत कोरलने कामाचं छोटं चित्र आधीच ठेवलेलं असतं. ते बाहेर काढायला कोरल लागत नाही, इंकस्केप हा लिनक्सवरचा चित्रांचा प्रोग्रॅमही लागत नाही. अनझिपने आतल्या फाइलींची यादी बघायची, नावात ‘थंबनेल’ असलेली चित्राची फाइल शोधायची, ती बाहेर काढून हव्या त्या आकाराची पीएनजी करायची. आवृत्तीनुसार हे चित्र आत वेगवेगळ्या जागी आणि कधी बीएमपी तर कधी पीएनजी असतं, म्हणून ठरावीक पत्ता न लिहिता नावावरून शोधणं बरं. सगळी स्क्रिप्ट पाच-सहा ओळींची आहे. चार जीबीच्या मशीनवरसुद्धा पत्रिकांनी भरलेला फोल्डर बघता बघता चित्रांनी भरतो. मला संपूर्ण लिनक्समध्ये एवढ्या कमी कष्टात एवढं देणारी दुसरी गोष्ट भेटलेली नाही.

दोन मर्यादा. आतलं चित्र लहान असतं, मोठ्या पट्टीत ते धूसर दिसतं. पत्रिकेवर गणपती कोणता आहे, बॉर्डर कोणती आहे, पावती आडवी की उभी, हे कळतं. आहेराची ओळ वाचता येत नाही. शोधायला एवढं पुरतं. दुसरं म्हणजे कोरल ९, ११, १२ च्या फाइली. त्या झिप नाहीत, जुन्या आरआयएफएफ पद्धतीच्या आहेत. त्यांतही छोटं चित्र असू शकतं, पण सेव्ह करताना खिडकीत थंबनेलच्या जागी ‘नन’ निवडलेलं असेल तर ते नसतं. अशा फाइलींसाठी माझी स्क्रिप्ट इंकस्केपला हाक मारते आणि त्याच्याकडून पीएनजी काढून घेते. हे काम सावकाश होतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘टाइमआउट’ ही आज्ञा लावलेली आहे: ठरवलेल्या सेकंदांत चित्र आलं नाही तर तो प्रयत्न तिथेच सोडायचा. ही एक आज्ञा प्रत्येक थंबनेलरच्या आधी लावाच. नाहीतर एखादी बिघडलेली फाइल सगळं मशीन अडवून बसते आणि बाकीच्या चांगल्या फाइलींची चित्रंही येत नाहीत.

फोटोशॉपच्या पीएसडी फाइलींना मी वेगळा न्याय लावला आहे. चित्रांचं रूपांतर करणाऱ्या इमेजमॅजिक या साधनाला सांगून पूर्ण पीएसडी वाचता येते. फाइलीच्या नावाच्या शेवटी चौकटी कंसात शून्य लिहिलं की सगळे लेअर एकत्र झालेलं चित्र मिळतं. पण फ्लेक्सची फाइल असेल तर ती वाचायलाच मशीनची रॅम संपते. फोटोशॉपही आत एक लहान जेपेग ठेवतं. ते एक्झिफटूल हे साधन झटक्यात काढून देतं. मी तेच घेते. इलस्ट्रेटरच्या एआय फाइलीच्या पोटात बहुतेक वेळा पीडीएफच असतं, तेव्हा तिला पीडीएफचीच वाट दाखवली की झालं. लिब्रेऑफिसच्या ओडीटी फाइलीत चित्र असतंच आणि टंबलरला ते आधीपासून कळतं.

पीडीएफबद्दल एक नीट सांगते, कारण यात लोक अडकतात. जुन्या लेखांमध्ये पीडीएफचं चित्र इमेजमॅजिकने काढायला सांगितलेलं असतं. उबुंटूवर ते करायला गेलं की परवानगी नाही असं उत्तर येतं. इमेजमॅजिक ज्याच्याकडून पीडीएफ वाचून घेतं त्या घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षेच्या त्रुटींमुळे २०१८ मध्ये ती वाट मुद्दाम बंद केली गेली. मग कुणीतरी सांगतं की इमेजमॅजिकच्या धोरणाच्या (पॉलिसी) फाइलीतली ही मनाईची ओळ पुसून टाका. पुसू नका. पॉपलर या पीडीएफच्या संचाबरोबर येणारं पीडीएफटूपीपीएम हे साधन तेच काम जास्त वेगाने करतं: पहिलं पान, एकच चित्र, लांब बाजू १०२४ पिक्सेल, असं सांगता येतं. छापखान्यात कुणाचाही पेन ड्राइव्ह लागतो, तिथे सुरक्षेचं दार उघडं टाकणं परवडत नाही.

आणि हे दार खरंच उघडं पडू शकतं. २०१७ मध्ये विंडोजच्या प्रोग्रॅमची चित्रं लिनक्सवर दाखवणाऱ्या एका थंबनेलरमध्ये अशीच चूक सापडली. एमएसआय फाइलीच्या नावातच व्हीबीस्क्रिप्टचा कोड लिहिलेला असला, तर फोल्डर नुसता उघडल्यावर तो चालायचा. फाइलीवर क्लिकसुद्धा करावं लागत नव्हतं. त्या स्क्रिप्टने फाइलीचं नाव जसंच्या तसं दुसऱ्या कोडमध्ये चिकटवलं होतं, एवढंच कारण. आपल्या स्क्रिप्टमध्ये हे टाळायला फाइलीचं नाव नेहमी दुहेरी अवतरणात ठेवायचं आणि ते नाव कधीही आज्ञा म्हणून चालवायला द्यायचं नाही. आपल्याकडे तर अवतरणाशिवाय गाडी पुढेच जात नाही. ‘सौ. वहिनींची पत्रिका (नवी) फायनल’ असं नाव असलं की उघड्यावर ठेवलेली स्क्रिप्ट पहिल्याच मोकळ्या जागेवर तुटते.

मराठी नावांचा आणखी एक त्रास. आज्ञेत फाइलीचा साधा पत्ता घेता येतो किंवा यूआरआय, म्हणजे वेबच्या पत्त्यासारखा लिहिलेला पत्ता. यूआरआय घेतला की मराठी नावाच्या जागी टक्क्यांची आणि आकड्यांची लांब माळ येते, आणि अनझिपला अशी फाइल सापडत नाही. थंबनेलरच्या आज्ञेत म्हणून साधा पत्ताच मागावा. टक्का-आय लिहिलं की पत्ता, टक्का-यू लिहिलं की यूआरआय.

स्क्रिप्ट दुरुस्त केली तरी जुनंच चित्र दिसत राहतं. एकदा बनलेलं थंबनेल फाइलीची तारीख बदलेपर्यंत तसंच वापरलं जातं. फाइलीच्या यूआरआयचा एमडी-५, म्हणजे त्यावरून गणिताने निघणारा एक ठरावीक लांबीचा संकेत, काढून तेच थंबनेलचं नाव ठेवलेलं असतं, आणि मूळ फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ पीएनजीच्या आत लिहिलेली असते. तेव्हा स्क्रिप्ट बदलली की टंबलर बंद करायचा, थंबनेल्सचा फोल्डर रिकामा करायचा आणि थुनार पुन्हा उघडायचा. नवीन थंबनेलरची फाइल ठेवल्यावरही टंबलर एकदा बंद व्हावा लागतो. तो गरज पडली की आपोआप उठतो.

आता वर्डच्या फाइली. बाकी सगळ्यांपेक्षा यांनी जास्त वेळ घेतला, आणि मराठी छापखान्यांना हा भाग सगळ्यात जास्त लागणार आहे.

आमच्याकडे येणारा निम्मा मजकूर अजून युनिकोडमध्ये नसतो. श्री-लिपी, कृतिदेव, एपीएस, जे ज्याच्याकडे असेल ते. श्री-लिपी ही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. आमच्या घरात तिच्यावर किती पुस्तकं जुळवली गेली याची गणती नाही. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराच्या जागी आतून इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच साठवलेलं असतं, आणि फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. फॉन्ट मशीनवर नसला की फाइलीत फक्त चिन्हांचा कचरा दिसतो. असा प्रिव्ह्यू असला काय आणि नसला काय. म्हणून आधी आपल्या परवान्याचे फॉन्ट होम फोल्डरमधल्या ‘लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये ठेवून फॉन्टचा कॅश ताजा केला. त्यानंतर थंबनेलरमध्ये लिब्रेऑफिसला खिडकी न उघडता चालवून वर्डची पीडीएफ करायची आणि तिच्या पहिल्या पानाचं चित्र घ्यायचं.

इथे एक खोच आहे, ती कुठे सहज लिहिलेली सापडत नाही. लिब्रेऑफिस आधीच उघडलेलं असेल तर मागून चालवलेलं हे रूपांतर होतच नाही. तक्रारही न करता गप्प बसतं. सकाळी चित्रं येतात आणि दुपारी येत नाहीत, असा प्रकार होतो, कारण दुपारी कुणीतरी बिलाची एक्सेल उघडून ठेवलेली असते. उपाय असा की रूपांतरासाठी लिब्रेऑफिसला वेगळं प्रोफाइल द्यायचं. ‘युझरइन्स्टॉलेशन’ या नावाचा एक पर्याय आज्ञेत देऊन त्याला तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता दिला की दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. हे केल्यापासून प्रूफाच्या फोल्डरमधली पहिली पानं मराठीत, वाचता येतील अशी, पट्टीत दिसतात. कवितासंग्रह घेऊन आलेल्या मास्तरांना “ही का तुमची फाइल?” असं त्यांच्या पहिल्या पानासकट दाखवता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. फाइलीच्या नावावरून अंदाज बांधून चुकीचा मजकूर प्लेटवर गेला तर नुकसान कागदाचं होतं आणि विश्वासाचंही.

मोठ्या मशीनवर हे सगळं त्या त्या क्षणी करता येईल. माझ्या मशीनवर नाही. म्हणून वर्डचं रूपांतर टंबलरवर न सोडता रात्री छापखाना बंद झाल्यावर क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सेवेने, होतं. दिवसभरात आलेल्या फाइलींच्या पीडीएफ एका बाजूच्या फोल्डरमध्ये तयार होतात, आणि थंबनेलर आधी तिथे तयार पीडीएफ आहे का ते बघतो. दिवसा आलेल्या फाइलीला वेळ लागतो, तो सोसते.

थंबनेलर पहिलं पानच दाखवतो, ही त्याची हद्द. स्मरणिका असेल, आठ पानी कार्यक्रमपत्रिका असेल, तर आतली पानं बघायला झटकन उघडणारी खिडकी पाहिजेच. तिथे थुनारच्या कस्टम ॲक्शन्स कामाला येतात. एडिट मेनूतून नवीन ॲक्शन करायची, आज्ञा लिहायची, कोणत्या नावाच्या आणि कोणत्या जातीच्या फाइलींवर ती दिसावी ते सांगायचं, आणि कीबोर्डचं बटण द्यायचं. मी एफ-७ दिलं आहे. आज्ञेत टक्का-एफ लिहिलं की निवडलेल्या फाइलीचा पत्ता येतो. त्याला इथे अवतरण घालू नका. थुनार ते स्वतः घालतो, आणि आपण वरून दुसरं घातलं की पत्ता बिघडतो. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये घालायचं, इथे नाही, एवढा फरक लक्षात ठेवायचा.

या ॲक्शनमागे काय ठेवायचं याला दोन पर्याय आहेत. पहिला सुशी. हा ग्नोम या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरचा (नॉटिलसचा) प्रिव्ह्यूवाला, पण तो वेगळा प्रोग्रॅम आहे आणि डी-बसवर ऐकत बसतो. त्यामुळे थुनारमधूनही त्याला “ही फाइल दाखव” असं सांगता येतं, इथे मात्र यूआरआय द्यावा लागतो. दिसायला सुरेख आहे, पीडीएफची पानं उलटता येतात, गाणी वाजतात. पण दुसऱ्याच्या घरची सोय वापरतो आहोत हे जाणवत राहतं. सुशीने मध्येच आपल्या डी-बसच्या बोलणीची पद्धत बदलली: नावाच्या शेवटी दोनचा आकडा आला आणि खिडकीची ओळख पूर्वी आकड्याने द्यावी लागायची ती अक्षरांत द्यावी लागायला लागली. जुन्या लेखांतली आज्ञा जशीच्या तशी घेतली तर नव्या आवृत्तीत ती चालेलच असं नाही. शिवाय सुशीबरोबर ग्नोमचा बराच बाडबिस्तरा मशीनवर येतो. चार जीबीत मला तो नको होता.

दुसरा पर्याय म्हणजे स्वतःची छोटी स्क्रिप्ट, आणि मी त्यावरच स्थिरावले. फाइलीचा प्रकार बघायचा. पीडीएफ असेल तर पहिल्या काही पानांची चित्रं तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढायची आणि एफईएच या चित्र दाखवणाऱ्या साधनात उघडायची. फोटो असेल तर थेट उघडायचा. वर्ड असेल तर रात्री तयार झालेली पीडीएफ घ्यायची. एस्केप दाबलं की खिडकी बंद. बाणाने पुढचं पान. ऑपरेटर मुलाला शिकवायला काहीच लागलं नाही, एफ-७ आणि एस्केप एवढंच. मॅकसारखं प्रिव्ह्यू उघडा ठेवून खाली-वर फाइली बदलत जाणं मात्र यात होत नाही. त्या बाबतीत उजवीकडची पट्टी चांगली: बाणाने खाली उतरत जा, चित्र बदलत राहतं.

एवढी खटपट कशाला, दुसरा फाइल मॅनेजर का नाही, असा प्रश्न येणारच. मशीन नवीन असेल तर खरंच दुसरा घ्या. लिनक्स मिंटबरोबर येणाऱ्या नेमो या फाइल मॅनेजरला ‘नेमो-प्रिव्ह्यू’ जोडलं की स्पेसबार चालतो. केडीई डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये एफ-११ दाबलं की माहितीची पट्टी उघडते आणि तिच्यात प्रिव्ह्यू असतो. विंडोजवर एक्सप्लोररची पट्टी ऑल्ट-पीने उघडते. पण कोरलच्या जुन्या फाइली आणि श्री-लिपीचा मजकूर आपोआप दाखवणारं यातलं मला काही मिळालं नाही. स्क्रिप्ट तिथेही लिहावीच लागते. आणि थुनारचं बल्क रीनेम, म्हणजे एकदम अनेक फाइलींची नावं बदलायची सोय, मला सोडवत नाही. शंभर फोटोंना सोहळ्याचं नाव आणि अनुक्रम देणं त्यात जितकं सरळ आहे तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही. नॉटिलस वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ग्नोम थंबनेलर बंदिस्त खोलीत चालवतं, त्यामुळे होम फोल्डरमध्ये ठेवलेली आपली स्क्रिप्ट तिथे सापडत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. टंबलरमध्ये अशी खोली नाही, म्हणून तर माझ्या स्क्रिप्ट इतक्या सहज चालल्या, आणि म्हणूनच नाव अवतरणात ठेवण्याची जबाबदारी पूर्ण आपल्यावर येते.

पेजमेकरच्या फाइलींचं काम अजून चालू आहे. सासऱ्यांच्या वेळच्या ६.५ आवृत्तीतल्या फाइली आहेत: गावोगावच्या यात्रांच्या पुस्तिका, शाळांची वार्षिकं, एका दिवाळी अंकाचे कितीतरी फर्मे. लिब्रेऑफिसने ४.४ आवृत्तीपासून पेजमेकर उघडायला सुरुवात केली, त्यामुळे वर्डचीच रात्रीची स्क्रिप्ट त्यांच्यावरही चालवते. पानांची मांडणी थोडी हलते, चित्रं काही ठिकाणी येत नाहीत, पण श्री-लिपीचा फॉन्ट बसलेला असल्यामुळे मथळा वाचता येतो आणि कोणतं काम आहे ते कळतं. जी फाइल इतकी वर्षं कुणी उघडली नव्हती तिचं मुखपृष्ठ फोल्डरमध्ये दिसायला लागलं, तेव्हा सासरे खुर्ची ओढून बसले आणि संध्याकाळपर्यंत एकेका फाइलीला नीट नाव देत राहिले. त्या फोल्डरमधल्या नावांवर आता माझा भरवसा आहे.

एक काम मात्र ही सोय बसवली त्याच दिवशी करा. छापखान्यात लोक आधार कार्ड, मार्कशीट, दाखले प्रिंट काढायला पाठवतात. त्यांचीही थंबनेल्स बनतात. थुनारमधून फाइल काढली तर टंबलरला कळतं आणि तो चित्र काढून टाकतो, पण तीच फाइल नेटवर्कवरून विंडोजच्या मशीनने किंवा एखाद्या स्क्रिप्टने काढली तर मूळ जातं आणि आधार कार्डाचं चित्र कॅशमध्ये राहतं, १०२४ पिक्सेलचं असेल तर नंबर वाचता येईल इतकं स्पष्ट. टंबलरच्या सेटिंगची फाइल ‘ईटीसी/एक्सडीजी/टंबलर’मध्ये असते. तिची प्रत होम फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग/टंबलर’मध्ये करून घ्या. त्यात प्रत्येक प्रकाराखाली ‘एक्सक्लूड्स’ म्हणून ओळ असते, तिथे लोकांच्या कागदपत्रांच्या फोल्डरचा पत्ता लिहा. तिथेच फाइलीच्या आकाराची मर्यादाही घालता येते. मोठ्या व्हिडिओंसाठी मी ती घातली आहे. आणि रात्रीच्या क्रॉनमध्ये जुनी थंबनेल्स पुसणारी एक ओळ टाका. माझ्याकडे आठवड्यापेक्षा जुनं काही राहत नाही. पत्रिकांची चित्रं लागतील तशी पुन्हा बनतात.